विहिरीकडचा तुकडा

सदा, लेका, तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. सरपंच तात्यांनी दोनदा माझं नाव पुकारलं, मी दोन्ही वेळा मान हलवली आणि चावडीच्या खांबाला टेकून उभा राहिलो. लोकांना वाटलं, बालपणचा दोस्त गेला, मास्तरांचा कंठ दाटला. कंठबिंठ काही दाटला नव्हता रे. मला लाज वाटत होती. आता तुझा तेरावाही होऊन गेला, आणि जे सभेत बोलायला हवं होतं ते तुला इथे लिहितोय, कारण तोंडानं बोलायची हिंमत अजून होत नाही.

तू गेलास तेव्हा मी चौथीच्या पोरांना पाढे म्हणायला लावून खिडकीशी उभा होतो. कोतवाल धावत आला. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून मी आधी त्याच्या डोक्याकडेच बघत राहिलो. तो म्हणाला, "मास्तर, सदाभाऊ गेले. मशीनवर शिवता शिवता मान टाकली." आणि सदा, माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? तुझा चेहरा नाही आला. इंदूवहिनी नाही आल्या, तुझी लेक मंदा नाही आली. मनात आलं, रांगेत पहिला मी आहे. म्हणजे विहिरीकडचा तुकडा आता माझा.

एवढं येऊन गेलं, आणि मग रडू आलं. रडू खरं होतं, शप्पथ सांगतो. पण आलं ते त्यानंतर.

बागेची गोष्ट तुला मी काय सांगणार, बाग तुझीच. पण मला ती पहिल्यापासून आठवायची आहे, नाहीतर मी माझ्या सोयीचं तेवढंच आठवीन. लढाई संपलेली, पण रेशन काही संपलेलं नव्हतं. जास्त पिकवा, जास्त पिकवा म्हणून सरकारनं धोशा लावलेला. आपली ग्रामपंचायत नवीकोरी. चावडीमागे ती पडीक जागा होती, गुरं बसायची आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू पडून कुजायचे ती. पंच म्हणून तुझी पहिलीच बैठक, आणि तू उठून म्हणालास, "ज्यांना दारात मिरचीचं रोप लावायला माती नाही, त्यांना ही जागा वाटून द्या. बाकीच्यांना शेतं आहेत, त्यांनी शेतात काय ते पिकवावं." जमीनवाले हसले. शिंप्याला शेतकरी व्हायचंय, असं कोणीतरी म्हणालं. तू म्हणालास, "हो, व्हायचंय. तुमच्या सदऱ्यांची मापं घेऊन कंटाळलो."

आणि जागा मिळाली. तुला एक तुकडा, मला एक, स्टेशनवरच्या रामा पोर्टरला, सुईणीला, लोहाराला. चिठ्ठ्या टाकून वाटले. विहिरीकडचा तुझ्या नावावर निघाला. रहाटानं काढलेलं पाणी पाटात पडलं की पहिलं तुझ्याकडे यायचं, काळी माती, कडेला शेवग्याची सावली. माझा पार कुंपणाकडचा, खडकाळ. तेव्हापासूनच माझा त्या तुकड्यावर डोळा होता, हे आता लपवून काय करू?

नियम आपण दोघांनी केले, तुझ्या दुकानात बसून. तू मशीन चालवत होतास आणि मी लिहीत होतो. तण माजू द्यायचं नाही. पाण्याची पाळी चुकवायची नाही. आणि सगळ्यात वरचा नियम: तुकडा माणसाचा, घराण्याचा नाही. माणूस गाव सोडून गेला किंवा जगातून गेला, तर तुकडा रांगेतल्या पुढच्याला. हा नियम माझा होता, सदा. चुलत्यांनी आमच्या वडिलांच्या वाटणीची जमीन कशी गिळली हे तू बघितलेलं. मी रागानं म्हणालो, "इथे वारस नको, सातबारा नको, भाऊबंदकी नको." तू मशीन थांबवून म्हणालास, "लिही. हे मोठ्या अक्षरात लिही."

फळा मात्र तुझा. चावडीच्या भिंतीवरचा तो काळा फळा, तुझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर. आधी पंचायतीच्या सूचना कोतवाल दवंडी पिटून सांगायचा, आणि निम्मं गाव म्हणायचं, आम्हाला ऐकू नाही आलं. तू ते बंद पाडलंस. कापडावर खुणा करायचा तुझा तो चपटा निळा खडू, त्यानंच लिहायचास. पाणी शुद्ध करायला विहिरीत पोटॅश टाकलं तेव्हा तू लिहिलेलंस, "पाणी जांभळे दिसेल. घाबरू नये. प्यावे." देवी टोचणारे डॉक्टर येणार होते तेव्हा लिहिलंस, "पळून जाणाऱ्या मुलांच्या बापांनी स्वतः हजर राहावे. त्यांनाही टोचले जाईल." आणि बागेतला लाल भोपळा चोरीला गेला तेव्हा, "भोपळा नेणाऱ्याने तो एव्हाना खाल्ला असेल. बिया तरी सुकवून आणून द्याव्यात, पुढच्या वर्षी त्यालाही मिळेल." अख्खं गाव पोट धरून हसलं. पण चार दिवसांनी तुझ्या मशीनवर बियांची पुडी होती. कोणी ठेवली ते तुला ठाऊक होतं. मी किती पिच्छा पुरवला, पण तू नाव सांगितलं नाहीस. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याला वाचायला लावायचे, आणि काही म्हातारे तर तुझा फळा वाचण्यासाठी माझ्याकडे येऊन बाराखडी शिकून गेले. एवढं काम माझ्या शाळेनं केलं नसेल.

मग एका दिवाळीत मी सासुरवाडीला टिटवाळ्याला गेलो. चार दिवस म्हणून गेलेलो, सुट्टी संपेपर्यंत राहिलो. सासूबाई वाढत होत्या, मी जेवत होतो. तुकड्याची आठवण यायची, नाही असं नाही. पण म्हटलं, सदा आहे की, सांभाळून घेईल. परत आलो तर शाळेत जाताना पोरांचा घोळका फळ्यापुढे, आणि माझेच विद्यार्थी एका सुरात मोठ्यांदा वाचतायत, "मास्तर विनायकराव यांचा तुकडा तणाने भरला आहे. सूचना देऊनही साफ केला नाही. तो रांगेतल्या पुढच्यास देण्यात येत आहे." मला बघून पोरं गप्प झाली. एक मागे राहिलेलं कार्टं "येत आहे, येत आहे" करत पुन्हा वाचत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तसाच तुझ्या दुकानात शिरलो. "अरे, घरी येऊन सांगता आलं नसतं?"

"टिटवाळ्याला निरोप धाडलेला. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा धाडायचा!"

तू सुईत दोरा ओवत होतास. मान वर न करता म्हणालास, "बाकीच्यांना मी एकदाच सांगतो, विन्या. तुला दोनदा सांगितलं, तेवढी चोरी केलीच आहे मी."

"आणि दोस्त म्हणवतोस?"

"म्हणवतो. म्हणून तर तुझं नाव लिहिताना अक्षर जरा चांगलं काढलं."

मी थुंकलो तुझ्या पायरीवर. हे कोणी बघितलं नाही, तू बघितलंस. तू पाण्याचा तांब्या आणून पायरी धुतलीस आणि पुन्हा मशीनवर बसलास. त्यानंतर शिमगा गेला, पाडवा गेला, पावसाळा आला, आपण बोललो नाही. तुला धडा शिकवायचा म्हणून मी सदरा कल्याणला शिवून घेतला. त्या शिंप्यानं एक बाही आखूड केली. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला मी हेडमास्तरांशेजारी ताठ उभा, आणि तू गर्दीतून पुढे येऊन, झेंडा वर जायच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंस, "मास्तर, बाही कोणी खाल्ली?" गाव हसलं. मीही हसलो, काय करणार? दुसऱ्या दिवशी तू तो सदरा घरातून घेऊन गेलास आणि दोन्ही बाह्या सारख्या करून आणून दिलास. मग मी म्हणालो, "रांगेत घाल माझं नाव. शेवटी." तू म्हणालास, "शेवटीच घालणार होतो."

तो वाद तिथेच राहिला, सदा. तुझं बरोबर होतं असं मी कधी म्हणालो नाही, आणि वाईट वाटलं असं तूही कधी म्हणाला नाहीस. पुढे लोहार नाशकाला गेला, सुईण थकली, रांग सरकत गेली. दर वेळी तू मला सांगायचास, "एक पायरी वर आलास हां." संध्याकाळी मी कुंपणापाशी हात मागे बांधून उभा राहायचो आणि तुझी वांगी बघायचो. काटेरी देठांची, टपोरी, जांभळी. तू म्हणायचास, "बघतोस काय असा? नजर लागेल माझ्या वांग्यांना." मी हसायचो. आता वाटतं, तुला दिसत होतं की काय ते? दिसलं असलं तरी तू घरी जाताना वांगी माझ्याच पिशवीत टाकायचास, आणि मी घ्यायचो. एकदाही नको म्हणालो नाही.

आता तुझ्या मागच्या दिवसांचं सांगतो. तेच सांगायला बसलोय.

फाल्गुनातलं ऊन तुला माहीत आहे. सकाळी पाणी नाही दिलं तर दुपारी पानं माना टाकतात. तुझ्या घरात सूतक. वहिनी आणि मंदा बाहेर पडणार नाहीत, तुझा भाऊ मधू माजिवड्याहून आलेला, तो आल्यागेल्यात अडकलेला. आणि आम्ही सगळे रोज बागेजवळून जात होतो. पाट तर तुझ्या तुकड्याला घासून पुढे जातो. पाटाच्या तोंडाशी मातीचं एक ढेकूळ लावलेलं, जाता जाता पायानं सरकवलं असतं तरी पाणी आत गेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी तिथे थांबलोही. चप्पल काढली. तेवढ्यात रामा पोर्टरची बायको हंडा घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. ती साधी बघत होती, पण माझ्या मनात चोर. मला वाटलं, ही आता घरोघर सांगेल, सदाभाऊंची राख निवली नाही तोच मास्तरांनी तुकड्यात पाय टाकला. चप्पल घातली आणि शाळेत गेलो.

तिसऱ्या दिवशी रस्ता बदलला. तळ्याच्या बाजूनं वळसा घालून शाळेत जायला लागलो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ती झाडं वाळतील." मी खेकसलो, "मग काय करू? लोकांना बोलायला जागा देऊ?" ती म्हणाली, "लोकांचं राहू द्या, झाडांचं सांगतेय मी." मी पेपर डोळ्यांपुढे धरला.

नंतर कळलं, सगळ्यांचं असंच झालेलं. रामा म्हणे, "म्हटलं आता मास्तरांचा तुकडा, आपण कसा हात लावायचा?" नवा लोहार म्हणे, "मला वाटलं सूतक फिटल्यावर घरचे बघतील." कोणी म्हणे पंचायत ठरवेल. जो तो आपापल्या वाफ्याला पाणी घालत होता आणि तुझ्या बांधावरून जपून पलीकडे जात होता, पाय आत पडू नये म्हणून. ज्याच्यामुळे बाग झाली त्याचं एवढंसं हिरवं आम्ही सभ्यपणानं मारलं, सदा. आणि त्या सगळ्यांत पुढे मी होतो.

दहाव्याला नदीवर गेलो. भातसेला पाणी कमी, काठावर गारगोट्या तापलेल्या. मधूनं पिंड ठेवला. पलीकडे जांभळीवर दोन कावळे बसलेले, ते काही हलेनात. मी पोरांना वर्गात सांगतो, कावळा हा पक्षी आहे, भूक लागली तर येतो, नाही लागली तर येत नाही. तू तर म्हणायचास, "माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही तर समजा, बागेतल्या मिरच्या खाऊन त्याचं पोट बिघडलंय." पण तिथे उन्हात उभं राहिलं की शहाणपण पातळ होतं. मधूनं हात जोडले. "दादा, मंदाचं लग्न मी करीन." कावळे ढिम्म. "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." नाही. "तुझी मशीन विकणार नाही." एक कावळा पंख खाजवत बसला. सरपंच तात्या पुढे झाले, घसा साफ करून म्हणाले, "सदाशिवराव, बागेला आपलं नाव देऊ." त्यावर कावळ्यानं तर पाठच फिरवली. इतक्या दुःखात कोणीतरी फसकन हसलं.

मग हळूहळू सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. तुझा जीव कशात अडकला असेल ते गावाला माहीत होतं.

मला मात्र दुसरंच माहीत होतं. तुला काय ऐकायचं असेल? नियम मोडणार नाही, हे ऐकायचं असेल. पण ते मी कुठल्या तोंडानं बोलू? ते म्हणजे, "सदा, तुझा तुकडा मी घेतो," असंच झालं की! एवढ्या माणसांत, तुझ्या पिंडासमोर! आणि जे बोलल्यानं मी मोठा दिसेन ते तर जिभेवर तयार होतं. मी दोन पावलं पुढे गेलो आणि वर्गात बोलतो तशा खणखणीत आवाजात म्हणालो, "सदा, तुकडा वहिनींकडेच राहील. मी माझा हक्क सोडला." मागे कोणीतरी "वा, मास्तर" म्हणालं. मला बरं वाटलं. त्या क्षणी बरं वाटलं, हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

कावळे उडून गेले. पिंडाकडे नाही, पार नदीपलीकडे. गुरवबाबा आपल्याशीच पण सगळ्यांना ऐकू येईल असं पुटपुटले, "मास्तर बोलले आणि होते तेही गेले." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही आंघोळी करून परतलो. वाटेत माझ्याशी कोणी बोललं नाही, किंवा मलाच तसं वाटलं असेल.

तेराव्याला पंगत उठली, मधू स्टेशनकडे निघाला, मी मागे थांबलो. वहिनी ओटीवर बसलेल्या, मंदा आत भांडी लावत होती. मला वाटलं, आता यांना नीट सांगावं म्हणजे जिवाला स्वस्थता येईल. म्हणालो, "वहिनी, तुकड्याची काळजी करू नका. मी सगळ्यांदेखत सांगितलंय, तुमच्याकडेच राहील."

त्या म्हणाल्या, "का?"

मी म्हणालो, "म्हणजे, तुम्हाला गरज..."

"गरज काय मला एकटीलाच? रांगेत तुमच्यामागे ती विधवा कुंभारीण उभी आहे, तिला नाही? माझ्याकडे मशीन आहे, मला काजं करता येतात, झबली शिवता येतात." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मंदा भांडी ठेवून दारात आली. "भाऊजी, नियम तुमचाच ना? का तो फळ्यावर लिहिण्यापुरता? तुमचं नाव त्यांनी लिहिलं त्या रात्री पानावरून उठले हे. म्हणाले, विन्याची अब्रू घेतली मी. मी म्हटलं, पुसून टाका मग. म्हणाले, पुसलं तर उद्या कोणाचंच लिहिता यायचं नाही. आणि तुम्ही नदीवर उभं राहून एका वाक्यात सगळं वाटून मोकळे झालात."

मी तिथेच ओटीच्या कडेला टेकलो. तुला वाईट वाटलेलं, सदा. आणि मला ते तुझ्या तेराव्याला कळावं!

"तुकडा तुमच्या नावावर लिहा," वहिनी म्हणाल्या, "आणि माझं नाव रांगेत शेवटी घाला. पाळी येईल तेव्हा घेईन, नाहीतर मंदा घेईल. दया म्हणून नको मला." मला वाटलं संपलं. मी उठायला लागलो तर हळूच म्हणाल्या, "आज सकाळी मागच्या दारानं बागेत डोकावून आले. पाणी घालायला हक्क लागतो का हो, भाऊजी?"

सदा, त्या जर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथे उभा होतो, पायांत चपला घालत होतो आणि उजवी डावीत जात होती. "लोक काय म्हणतील म्हणून..." एवढं म्हणालो. त्यांनी मान हलवली, जशी वर्गात पाठांतर चुकलेल्या पोरासाठी मी हलवतो. मंदानं कंदील उंच धरला, मला पायरी दिसावी म्हणून.

काल फळ्यावर लिहिलं. तुझ्या दुकानातून मंदानं निळा खडू आणून दिला. तुझ्यासारखं गमतीचं काही सुचलं नाही. लिहिलं, "विहिरीकडचा तुकडा रांगेतल्या पहिल्यास, म्हणजे मास्तर विनायकराव यांस, देण्यात येत आहे. रांगेत शेवटी श्रीमती इंदूबाई." मग त्याच्या खाली लिहिलं, "सदाशिवची झाडे पाण्यावाचून वाळली. पाट शेजारून वाहत होता. मी रोज बघत होतो." खाली नाव घातलं. पोरांनी वाचलं, माणसांनी वाचलं. हसलं कोणी नाही. रामाच्या बायकोनं मंदाकडून वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

आज सकाळी फटफटल्यावर बागेत गेलो. काय सांगू तुला? वांगी काळी पडून देठाला लोंबत होती, मिरचीचे नुसते खराटे, दुधीचा वेल मांडवावर दोरीसारखा वळून गेलेला. मी रहाट ओढला, पाट सोडला, ढेकूळ काढलं आणि पाणी आत घेतलं. वाळलेल्या बुंध्यांना पाणी घालत बसलो. बाकीचे आले, आपापल्या पाळीला थांबले. घाई करा असं कोणी म्हणालं नाही.

वहिनी हंडा घेऊन विहिरीवर आल्या. हंडा काठावर ठेवला, पदर खोचला आणि बांध ओलांडून आत आल्या. "मेलेल्याला पाणी घालून काय होणार?" म्हणाल्या. मी म्हणालो, "उपटायला हात होत नाही, वहिनी." त्यांनी वाकून पहिलं झाड धरलं आणि उपटलं. मुळांची माती झटकून बांधावर ठेवलं. मग दुसरं. तू लावलेली झाडं, सदा, त्यांनी एकेक करून उपटली, ओठ घट्ट मिटून. मीही मग वाकलो. शेवटी तुकडा मोकळा झाला, ओल्या मातीचा, स्वच्छ, जसा मला इतकी वर्षं हवा होता तसा.

वहिनींनी हात झटकले, विचारलं, "काय लावणार?"

इतकी वर्षं तुझ्या तुकड्यावर डोळा ठेवून होतो रे, आणि तिथे काय लावायचं हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. वहिनी उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.